निजांदे तिका

डिसेंबरात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मुलगा आणि सून बंगळुरूला असतात. त्यांनी परस्पर विमानाची तिकिटं काढली, पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याला समुद्राकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये चार दिवसांची खोली ठरवली आणि मग फोन केला. "आई, रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत," हे आधी सांगितलं. पोरगा आम्हाला चांगला ओळखतो.

१९८४ मध्ये लग्न झालं तेव्हा आम्ही कुठे गेलो नव्हतो. म्हणजे गेलो होतो, रेडीला. देवदर्शन, ओटी भरणं, आणि सोबत दोन नणंदा, एक आतेसासूबाई, त्यांची नातवंडं. रेडी म्हणजे वेंगुर्ले तालुक्याचं शेवटचं टोक, आमच्या ह्यांचं गाव. मी नाशिकची. समुद्र मी पहिल्यांदा त्या आठ दिवसांत पाहिला, तोही आतेसासूबाईंचा हात धरून.

पुढे संसार डोंबिवलीत. ह्यांची बँकेतली नोकरी, मुलाचं शिक्षण, घराचे हप्ते. निवृत्तीनंतर फिरायचं ठरलं होतं. हे २०१८ मध्ये निवृत्त झाले. पण त्याच्या आदल्याच वर्षी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. सहा वर्षं. ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर, पातळ खाणं, औषधांचा डबा. रात्री दोनचा गजर आणि पहाटे चारचा गजर. दिवसा एक बाई येत असे, रात्र आमची. २०२३ च्या पावसाळ्यात त्या गेल्या. घर शांत झालं. आणि तेव्हा लक्षात आलं की औषधं आणि गजर सोडून आम्ही दोघं एकमेकांशी काही बोलतच नव्हतो.

तर अशी दोन माणसं मोपाच्या विमानतळावर उतरली. हा नवा विमानतळ, जानेवारी २०२३ पासून इथे विमानं उतरतात. सगळा माथ्यावरचा सडा, लाल माती. बाहेर आल्याबरोबर हे म्हणाले, "इथून रेडी तासाभरावर." सुट्टीला आलेला माणूस आणि पहिलं वाक्य हे.

रिसॉर्ट सुंदर होतं, खोटं कशाला सांगू. माडांच्या बागेत वेगवेगळी कौलारू घरं, प्रत्येकापुढे पोहायचं छोटं कुंड. मांद्र्याला समुद्र आणि जमीन यांच्या मध्ये एक उथळ खाडी आहे. तिच्यावरच्या लाकडी साकवावरून पलीकडे गेलं की वाळू. आल्या आल्या कोकमाचं सरबत. न्हाणीघराला छप्पर नाही, वर आभाळ. मी ह्यांना म्हटलं, "अहो, रेडीला उघड्यावर आंघोळ करायला मी रडले होते. इथे त्याचेच पैसे घेतात."

पैशांचा विषय काढायला नको होता. ह्यांनी लगेच मोबाईलवर भाडं शोधलं आणि सांगितलं की इथल्या एका रात्रीचं भाडं त्यांच्या बँकेतल्या पहिल्या वर्षाच्या पगाराहून जास्त आहे. मग ते चार दिवस "वसूल" करायच्या मागे लागले. नाश्त्याला प्रत्येक पदार्थ थोडा थोडा, दुपारी कुंडात उतरणं सक्तीचं, संध्याकाळी सूर्यास्त वेळेवर. मी सकाळी उठून अंथरुणाची घडी घातली, ओले पंचे पिळून वाळत टाकले. साफसफाईला येणारा मुलगा झारखंडचा होता. तो म्हणाला, "आंटी, मग मी काय करू?"

रात्री दोनला मला जाग आली. गजर नव्हता, पण जाग आली. पाहते तर हेही जागे. दोघंही अंधारात छताकडे बघत. बाजूच्या खोलीत कूस बदलायला कोणी नाही, हे दोघांनाही कळत होतं. कोणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेने आधीच पैसे भरून ठेवलेला मसाज होता. मसाज करणारी मुलगी मणिपूरची, अगदी लहानखुरी. माझ्या खांद्यांवर हात ठेवून ती थांबली आणि म्हणाली, "आंटी, आप भारी वजन उठाते हो क्या?"

मला रडू आलं. त्या बिचारीला वाटलं, फार जोरात दाबलं. मी नाही नाही म्हणत होते आणि रडत होते. सहा वर्षं काखेत हात घालून सासूबाईंना वर सरकवलं, ते सगळं खांद्यांत तसंच बसलेलं होतं. ते इतक्या दिवसांत घरात कोणाला दिसलं नाही. या परक्या मुलीच्या हाताला एका मिनिटात कळलं.

खोलीवर आले तर हे म्हणाले, "झाला का मसाज? चल आता, तीनला ते कयाकिंग की काय आहे."

आणि मी बोलले. चाळीस वर्षांत बोलले नव्हते तसं. म्हटलं, "तुमच्या आईचं सगळं केलं, आनंदाने केलं. पण एकदा तरी म्हणालात का, की दमली असशील, झोप? रात्री दोनला तुम्हीही उठत होतात, मान्य आहे. पण सकाळी सहाला चहा कोण करत होतं?"

हे काहीच बोलले नाहीत. चपला घातल्या आणि बाहेर गेले. मी तशीच बसून राहिले. वाटलं, एवढ्या महागड्या जागी येऊन आपण शेवटी भांडणच केलं.

तासाभराने परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. बागेत पाचोळा गोळा करणाऱ्या एका बाईशी गाठ पडली होती. तिथे सगळे हिंदी किंवा इंग्रजी बोलणारे. ही एकटी पेडण्याची. तिने विचारलं, "खंयचीं तुमी?" ह्यांच्या तोंडून किती वर्षांनी मालवणी निघालं: "आमी रेडयेचे. माझ्या आवशीचा म्हायार केरयेक." त्यावर ती म्हणाली, "मगे तूं आमचो भाचो!" ती असेल पन्नाशीची, आणि भाचा सहासष्ट वर्षांचा. तिने झाडू टेकवून ठेवला आणि केरीच्या जुन्या घरांची चौकशी सुरू केली.

"उद्या केरीला जाऊया का?" हे म्हणाले. मी हो म्हटलं. भांडणाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मांद्र्याहून हरमल ओलांडलं की पुढे केरी. तिथे गोवा संपतो, म्हणजे जवळजवळ संपतो. समोर तेरेखोलची नदी, आणि पलीकडच्या काठावर टेकडीवर तेरेखोलचा किल्ला. नदीच्या पलीकडे असूनही तो गोव्यातच. मूळचा सावंतवाडीच्या भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. त्याच्या मागून चार पावलं गेलं की महाराष्ट्र आणि आमचं रेडी. फेरीबोटीला पाच-सात मिनिटं लागतात.

बोटीची वाट बघत आम्ही धक्क्यावर बसलो, आणि हे सांगू लागले. यातलं थोडंफार मी सासूबाईंकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. सलग कधीच नाही.

सासूबाई केरीच्या. १९५४ मध्ये लग्न होऊन नदी ओलांडून रेडीला आल्या. तेव्हा इकडे पोर्तुगिजांचं राज्य, तिकडे आपलं. पण पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगिजांकडे गेले तेच मुळी अठराव्या शतकाच्या शेवटी. देवधर्म, भाषा, सोयरीक सगळी सावंतवाडीकडची, म्हणून नदी कोणी मनावर घेत नसे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांच्या साथीदारांनी या तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. याच तालुक्यात पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल गोळी लागून गेले. त्यानंतर सरहद्द बंद झाली.

सासूबाई एकोणीस वर्षांच्या. माहेर नदीपलीकडे, डोळ्यांना दिसेल इतकं जवळ, पण जाता येत नाही. चोरून ये-जा करणारे होते, पण घरच्या सुनेला त्यांच्याबरोबर कोण पाठवणार? सासरे मुंबईला गिरणीत. इकडे मोठं कुटुंब, शेती, गुरं. सड्यावर शेण गोळा करायला गेल्या की पलीकडचे माड बघत उभ्या राहत. १९५८ मध्ये ह्यांचा जन्म झाला तो सासरीच, पहिलं बाळंतपण असून. त्याच वर्षी त्यांचे वडील गेले. बातमी यायला महिना लागला.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई ह्यांना कडेवर घेऊन होडीतून केरीला गेल्या. साडेसहा वर्षांनी.

"मला एकच आठवतं," हे म्हणाले. "आई झोपली होती. दिवसभर. दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं, ती आजारी आहे. मी तिला हलवायला लागलो तर आजीने मला उचललं आणि म्हणाली, निजांदे तिका. तेवढंच. आजीचा चेहरा आठवत नाही. हे दोन शब्द आठवतात."

मी गप्प बसले. आईच्या पिढीला सुट्टी, हवापालट, रिसॉर्ट असले शब्द नव्हते. त्यांचा एकच शब्द होता, माहेरपण. कोणीतरी आयतं ताट वाढणार, आणि कोणीतरी म्हणणार की झोपू दे तिला. तेही सासूबाईंना ऐन उमेदीच्या वर्षांत मिळालं नाही. आणि मी सहा वर्षं ज्यांना रात्री दोनला उठवून कुशीवर वळवत होते, त्या ह्याच.

फेरीतून पलीकडे गेलो, किल्ल्यातलं छोटं चर्च पाहिलं आणि तटावरून केरीची पांढरी वाळू बघत राहिलो. सासूबाईंनी बघितली असेल तशी.

तिसऱ्या दिवशी डिचोलीकडे गेलो, नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला. कदंब राजांचा हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं, तेव्हा भक्तांनी त्याला मांडवी ओलांडून नार्व्याला आणलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ नव्याने बांधायला लावलं, आणि परवा २०२३ मध्ये त्याची पुन्हा दुरुस्ती झाली आहे. फार मोठं नाही. थंडगार, स्वच्छ, पुढे दीपस्तंभ. हे हात जोडून म्हणाले, "देवालाही नदी ओलांडून यावं लागलं." येताना मये तलावावर थांबलो. चारी बाजूंनी हिरव्या टेकड्या आणि मध्ये संथ पाणी. पायडल मारायची होडी घेतली. मध्यावर जाऊन ह्यांनी पाय थांबवले, आणि अर्धा तास आम्ही नुसते तरंगत राहिलो. वसुलीची भाषा बंद झाली होती.

त्या रात्री दोनला पुन्हा जाग आली. ह्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, नेमका दुखऱ्या जागी. दाबत नव्हते, नुसता ठेवला होता. मी काही बोलले नाही. कधी झोप लागली, कळलं नाही.

जाग आली ती दारावरच्या कुजबुजीने. पडद्यातून ऊन आत आलेलं. झारखंडचा तो मुलगा खोली आवरायला आला होता. हे दार अर्धवट उघडून उभे, तोंडावर बोट ठेवलेलं, आणि त्या पोराला चक्क मालवणीत सांगत होते, "निजांदे तिका."

त्याला काय कळलं कोण जाणे. मान हलवून गेला. हे परत येऊन खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्राचं पान आवाज न करता उलटायचा प्रयत्न करू लागले. मी डोळे मिटूनच पडून राहिले. साडेनऊ वाजले होते. लग्न झाल्यापासून इतक्या उशिरापर्यंत मी झोपले नव्हते. चाळीस वर्षांत ह्यांनी मला कधी "थँक यू" म्हटलं नाही. त्या दिवशीही म्हटलं नाही. पण मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं.

परत आल्यावर सासूबाईंच्या फोटोला हार घातला. केरीच्या किनाऱ्यावरून उचललेला एक शिंपला फोटोसमोर ठेवला आहे. बागेतल्या त्या बाईंनी दिलेली कोकमं फोडणीच्या डब्याशेजारी आहेत. रात्री दोनला अजून कधीकधी जाग येते. येईना.

मुलाने फोनवर विचारलं, "काय मग, काय काय केलंत चार दिवस?"

मी म्हटलं, "झोपले."

तो म्हणाला, "अगं, झोपायला एवढ्या लांब गेलीस?"

हो रे बाबा. माहेरपणाला गेले होते.