अण्णांचं देणं

निपाणीचे अण्णा माझे नात्याने कोणी लागत नाहीत. बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात मला पहिली नोकरी लागली, तिथे ते वयाने सगळ्यांत मोठे. आठवडाभर खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने निपाणी गाठायचे. आज मी या धंद्यात उभी आहे ती त्यांच्यामुळे.

आमचं एक अ‍ॅप्लिकेशन सीमाभागातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालायचं. ट्रॉली काट्यावर आली की वजन सर्व्हरकडे जायचं, पावती छापली जायची, शेतकऱ्याला एसएमएस जायचा. ऐन हंगामात एका रात्री पावत्या थांबल्या. सर्व्हर जिवंत, सीपीयू शांत, लॉगमध्ये अक्षर नाही. बाहेर ट्रॅक्टरांची रांग. तोडलेला ऊस ताटकळला की वाळतो, वजन घटतं आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. फोनवर जो तो रीस्टार्ट करा म्हणत होता. अण्णा म्हणाले, "थांब गं. आत्ता मारलंस तर कशानं अडकलंय ते कळणारच नाही, उद्या परत अडकंल. आधी आत जाऊन बघूया की."

अ‍ॅप्लिकेशन पायथॉनचं होतं आणि अण्णांनी त्यात मॅनहोल नावाची लायब्ररी आधीच घालून ठेवली होती. एरवी ती गप्प असते. प्रोसेसला ठरलेला सिग्नल पाठवला की एक युनिक्स सॉकेट उघडतं. त्याला जोडलं की आधी सगळ्या थ्रेडांचे स्टॅक ट्रेस समोर येतात, मग प्रॉम्प्ट. चालत्या अ‍ॅप्लिकेशनच्याच मेमरीत आपण उभे असतो.

बहुतेक थ्रेड एकाच लॉकपाशी खोळंबले होते. एक मात्र एसएमएसच्या गेटवेकडून उत्तराची वाट बघत होता आणि लॉक त्याच्याच हातात होता. त्या जोडणीला टाइमआउटच लावलेला नव्हता. अण्णांनी मला ट्रेस वहीत उतरवून घ्यायला लावला, मग जीसी मॉड्यूलमधून त्या जोडणीचं सॉकेट शोधून काढलं. मी विचारलं, "क्लोज करू?" "नको. लिनक्सवर क्लोजनं वाट बघत बसलेला थ्रेड उठंलच असं नाही. शटडाउन दे." एक ओळ टाइप केली, लॉक सुटला, पावत्या छापू लागल्या. काट्यावरच्या माणसाशी ते कन्नडमध्ये दोन शब्द बोलले. टाइमआउटची दुरुस्ती रांग ओसरल्यावर रीतसर रीस्टार्ट करून घातली.

त्यांची शिस्त मात्र कडक. आत गेल्यावर आधी फक्त वाचायचं. काही बदलायचं तर शेजारी दुसरं माणूस हवं. काम झालं की बाहेर. या दारातून शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांकही दिसतात, म्हणून ते नेटवर्कवर कधीही उघडायचं नाही. मॅनहोल स्वतःही प्रोसेसचा मालक किंवा रूट यांच्याखेरीज कुणाची जोडणी घेत नाही. तेवढ्यावर अण्णांचं समाधान नसे. कोण, कधी, कशासाठी आत गेलं याची नोंद ते ठेवायला लावत.

नासाच्या डीप स्पेस 1 यानाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. मे 1999 मध्ये त्यावरचं लिस्पमध्ये लिहिलेलं रिमोट एजंट सॉफ्टवेअर अंतराळात अडकलं. दोन थ्रेडांमधल्या वेळेच्या चुकीने पडलेली ती गाठ पृथ्वीवरच्या लोकांनी चालत्या प्रणालीकडून माहिती मागवून शोधली. एवढ्या दूरच्या यानाला जे जमलं ते आपल्या काट्याला का जमू नये, हा अण्णांचा प्रश्न मला अजून पुरतो.

अण्णा आता निपाणीतच असतात. पायथॉन 3.14 आल्यावर मी फोन करून सांगितलं, की आता आधी काही न बसवताही चालत्या प्रोसेसला पीडीबी हा डीबगर जोडता येतो. त्यांनी पहिलं विचारलं, "परवानगी कुणाला?"

सीमाभागातल्या ज्या मुलामुलींच्या हाती असे सर्व्हर आहेत, त्यांना माझी विनंती: तुमचं पायथॉन जुनं असेल तर मॅनहोलसारखी सोय हंगामाआधीच बसवून ठेवा. अ‍ॅप्लिकेशन अडकल्यावर ती घालायला रीस्टार्टच करावा लागतो.