भिंतीची जाडी

नाशिकमध्ये ऐतिहासिक नाटक बसायला लागलं की नेपथ्य करणाऱ्याच्या वाट्याला दगडी भिंत हमखास येते. वसंत कानेटकर याच गावात राहिले. एचपीटी कॉलेजात शिकवत असताना त्यांनी लिहिलेलं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ 1962 साली रंगभूमीवर आलं. इथल्या हौशी कलावंतांना रायगडाची ओढ असणं साहजिकच आहे. पण राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थेकडे पैसा बेताचा असतो. तालमीची जागा, ड्रेपरी, टेम्पोचं भाडं आणि चहापाणी यांतच तो संपत येतो आणि उरलेल्यात गड उभा करायचा असतो. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. भिंत खरी वाटायला महाग साहित्य लागत नाही, गवंड्याचा डोळा लागतो.

तो डोळा कमवायला नाशिकसारखं गाव नाही. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. त्याचा दगड रामशेजच्या डोंगरातून आणल्याचं सांगतात. तिथल्या घडीव चिऱ्यांचे सांधे इतके बारीक आहेत की बोटाला ते जेमतेम जाणवतात. सरकारवाड्याचं जोतं पाहावं, गोदाघाटाच्या पायऱ्या पाहाव्यात आणि मग खुद्द रामशेज किल्ल्यावर जाऊन तटाचे उरलेसुरले दगड पाहावेत. देवळाचा दगड टाकीने घडवलेला असतो, गडाचा ओबडधोबड. त्याच्या फटीत चिपा ठोकलेल्या असतात. दोन्हींत एक नियम मात्र सारखाच दिसतो: खालच्या थरातल्या सांध्यावर वरच्या थराचा सांधा येत नाही. मोठे दगड तळाला आणि कोपऱ्याला, लहान दगड वर. कारण दगडी भिंत स्वतःचं वजन स्वतः पेलत उभी असते. प्रेक्षकाला बांधकामातलं काही कळत नसेल, पण हा नियम मोडलेला दिसला की भिंत त्याला खोटी वाटते. का वाटते, ते त्याला सांगता येत नाही, एवढंच.

म्हणून फ्लॅटवर, म्हणजे भिंतीसाठी कापड ताणलेल्या चौकटीवर, कागदाचा लगदा थापण्याआधी मी खडूने थर आखतो. थरांची उंचीही सारखी ठेवत नाही. मग प्रत्येक थरात दगडांच्या रेघा पाडतो आणि चार पावलं मागे जाऊन पाहतो. सगळे दगड एकाच मापाचे निघाले तर ती न्हाणीघराची फरशी होते. तसं दिसलं की फडक्याने पुसून पुन्हा आखायचं. खडू पुसायला पैसा लागत नाही. सुकलेला लगदा खरवडायला मात्र अख्खी रात्र जाते.

साहित्य सगळं गावातच मिळतं. फ्लॅटची चौकट दोन बाय एक इंचाच्या हलक्या पट्टीची करायची, तिच्यावर मांजरपाट ताणून खिळवायचं आणि खळ मारायची. खळीत चिमूटभर मोरचूद घातली की झुरळं आणि कसर लागत नाही. फक्त ती विषारी असते, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात कालवायची नाही आणि नंतर हात धुवायचे. दगडाचा उठाव द्यायला अंड्यांचे कागदी ट्रे उत्तम. वापरलेले, टाकून दिलेले ट्रे रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि सकाळी कुस्करून पिळून घ्यायचे. त्यात खळ, थोडं फेव्हिकॉल, खडूची पूड आणि वखारीतून चाळून आणलेला लाकडाचा भुसा मिसळला की लगदा तयार होतो. तो आखलेल्या दगडावर हाताने थापायचा, सांधा मोकळा सोडायचा आणि ओला असतानाच चुरगळलेल्या वर्तमानपत्राने वरून दाबायचा. कागद उचलला की दगडाची खरबरीत कातडी उमटलेली असते. घडीव चिरा हवा असेल तर त्याच ओल्या लगद्यावर पटाशीच्या धारेने तिरप्या, जवळजवळ रेघा मारायच्या, म्हणजे टाकीचे घाव दिसतात. अर्धा इंच उठाव पुष्कळ होतो. त्याहून जाड थापलं तर फ्लॅट जड होतो, लगदा तडकतो आणि टेम्पोत चढवताना पोपडे निघतात.

कडा आणि सुळके करायचे असतील तर आपण सगळ्यांनी लहानपणी दिवाळीत जे केलं तेच करायचं. किल्ला बांधताना विटा-दगडांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरायचं, ते सुकलं की त्याला आपोआप डोंगराच्या सुरकुत्या पडायच्या. रंगमंचावर चिखलाच्या जागी खळ आणि डिस्टेंपर, विटांच्या जागी पट्ट्यांचा सांगाडा. पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये. लगदा सुकत नाही, बुरशी धरतो. दिवाळीनंतरची नाशिकची कोरडी थंडी याला सगळ्यांत चांगली.

रंगाच्या बाबतीत डोक्यातून एक गोष्ट काढून टाकावी लागते. आपला काळा दगड काळा नसतो. उन्हात तो निळसर करडा दिसतो, जुना झाला की त्यावर तांबूस गंज चढतो, पावसात भिजला तरच काळा होतो. सरसकट काळा रंग फासला तर दिव्याखाली भिंतीच्या जागी भोक दिसतं. म्हणून आधी सांध्यांत आणि खोबणीत गडद रंग घालायचा, त्यावर सगळीकडे मधला करडा. तो सुकला की कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट करडा नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा. दगडाच्या वरच्या कडेला उजेड, खालच्या कडेला सावली. शेवटी थोडी काव, थोडी पिवडी, तळाशी शेवाळाची हिरवट झाक आणि जिथून पाणी ओघळत असेल तिथे एखादी धूसर पांढरी रेघ. ही रेघ काढण्याआधी पाणी कुठून आलं ते स्वतःला विचारायचं. उत्तर नसेल तर रेघ काढायची नाही.

इतकं सगळं केलं तरी भिंतीवर विश्वास बसतो तो दारापाशी. कापडी फ्लॅटला दाराची चौकट पाडली की बाजूने पट्टीची जाडी दिसते, अवघी दोन इंच. गडाची भिंत दोन इंचांची कशी असेल? दाराच्या आतल्या बाजूने काटकोनात फूट-दीड फुटाचा उभा तुकडा लावायचा, त्यावर तेच दगड, तेच थर, कोपऱ्यात नीट वळवलेले. वर कमान असेल तर तिलाही तेवढाच पोटभाग. एखादा खोल कोनाडा करून त्यात पणती ठेवली तर आणखी चांगलं. नट या जाडीतून चालत येतो, त्याच्यावर क्षणभर सावली पडते आणि त्या क्षणात तो गडात राहणारा माणूस होतो. पैसा एकाच ठिकाणी खर्चायचा असेल तर मी तो इथेच खर्चतो. बाकीची भिंत नुसती रंगवलेली असली तरी चालून जाते.

दगडाचा अर्धा कारागीर दिवा असतो. समोरून भरपूर उजेड टाकला की सगळा उठाव सपाट होतो. विंगेतून, भिंतीला घासून जाणारा तिरपा झोत टाकला की दगडन् दगड सुटा होतो. म्हणून प्रकाशयोजना करणाऱ्याला रंगकामाच्या दिवशीच बोलावून घ्यावं. मराठी माणसाला हे फार आधी कळलं होतं. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले होते आणि 1913 नंतर आपलं चित्रपटांचं काम नाशिकला आणलं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटरही पडदे रंगवणारेच. त्यांनी रंगवलेल्या पडद्याच्या जागी उभे, खोलीचे सेट आणले आणि ‘सिंहगड’मध्ये 1923 साली कृत्रिम प्रकाश वापरला. आजच्या सिनेमाचा कॅमेरा भिंतीच्या हातभर जवळ जातो, तिथे खऱ्या दगडावरून साचे काढून फायबरचे पत्रे ओतावे लागतात. नाटकात पहिली रांगही काही फुटांवर असते. ते अंतर हीच आपली बचत.

थर्माकोल मी वापरत नाही. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, पण ती नसती तरी वापरला नसता. कोरायला तो सोपा, मात्र पेटला तर वितळून ठिबकतो आणि काळा धूर सोडतो. रंगमंचावर तापलेले दिवे असतात, पडदे असतात, पणत्या-मशाली असतात. कागद आणि कापडही पेटतंच. म्हणून फ्लॅटच्या मागच्या बाजूला टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारावं, म्हणजे आग लवकर धरत नाही. जवळ वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक ठेवावाच.

आणि भिंत हलता कामा नये. संभाजी झालेला नट रागाने तटाला टेकला आणि तट थरथरला, तर त्याच्या पुढच्या वाक्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मागून तिरपे टेके द्यावेत, त्यांच्या पायाशी वजन ठेवावं आणि नटाला तालमीतच त्या भिंतीला टेकायला लावावं.

नव्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे. फोनवर दगडांचे फोटो शोधत बसू नका. एका सकाळी काळारामाच्या आवारात जा, भिंतीला हात लावा, सांधे मोजा, कोपरा कसा वळवलाय ते वहीत उतरवून घ्या. मग अंड्यांचे ट्रे भिजत घाला.