सुमात्राच्या राजाचे वसतिगृह

राजगीरहून टांग्याने आम्ही नालंद्याला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. सोबत आमची भाची होती. परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला संशोधनासाठी सहा महिने बोलावले होते. फी माफ, पण राहण्या-जेवणाचे तुमचे तुम्ही पाहा! वडील रेल्वेत गँगमन. ती गेली नाही.

विटांच्या जाड भिंतींमधून आम्ही पहिल्या क्रमांकाच्या विहारात शिरलो. मधे अंगण, विहीर, भोवती भिक्खूंच्या खोल्या. 1921 साली इथेच राजा देवपालाचा ताम्रपट सापडला. भाचीने पुस्तकातून त्याची हकिगत वाचून दाखवली. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा, म्हणजे सुमात्राकडचा, राजा बालपुत्रदेव याने नालंद्यात विहार बांधला. त्याच्या विनंतीवरून देवपालाने राजगीर-गया भागातली पाच गावे त्याला लावून दिली. इमारत पाहुण्याची, उत्पन्न यजमानाचे. ते कशावर खर्चायचे, तेही तांब्यावर कोरले आहे. चारी दिशांहून येणाऱ्या भिक्खूंचे जेवण, चीवर, अंथरूण, आजारपणातले औषध, ग्रंथांच्या नकला, पडझडीची दुरुस्ती. धान्य अर्थात त्या पाच गावांतल्या कुळांनी पिकवलेले. त्यांची नावे कोणी कोरली नाहीत.

त्याआधी सातव्या शतकात चीनहून आलेल्या ह्यू-एन-त्संगाला इथे रोज महाशाली तांदूळ मिळे. भारतातून परतताना त्याने 657 ग्रंथ नेले. पोट भरलेले असले तरच एवढी पाने वाचून होतात.

"मामा, औषधसुद्धा लिहिलंय," भाची म्हणाली.

टांगेवाला हाका मारू लागला. ती खोलीच्या उंबऱ्यावर बसून यादी वहीत उतरवून घेत होती. आम्ही त्याला थांबायला सांगितले.