२१ की २९?

गेले तीन शनिवार काहीच लिहिलं नाही. एक तर रिलीज डोक्यावर होतं, आणि मधे चार दिवस आर्वीला मामांकडे जाऊन आलो. आज लिहितोय ते त्यातल्याच एका दिवसाबद्दल. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

माझ्या मामांना दिसत नाही. जन्मापासून नाही, पंचविशीनंतर नजर जात गेली. आर्वीत त्यांची पिठाची चक्की आहे. पीठ जाड पडलं की बारीक, हे चिमटीत धरून सांगतात. मोबाईल मात्र माझ्यापेक्षा झकास वापरतात. टॉकबॅक नावाची सोय अँड्रॉईडमध्ये असते, स्क्रीनवर जे असेल ते फोन वाचून दाखवतो. मामांनी त्याचा वेग इतका वाढवून ठेवलाय की मला एक अक्षर कळत नाही. मामा आरामात ऐकतात, वर गिऱ्हाईकाशी गप्पाही मारतात.

तर झालं असं. दिव्यांगांना साहित्य देण्यासाठी नाव नोंदवायचं एक शिबिर वर्ध्याला होतं. त्याची सूचना मामांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. २९ तारीख, सकाळी ११. मी आलोच होतो, म्हणून सोबत निघालो. सकाळची एसटी पकडली, वर्ध्याला उतरलो, ऑटो करून ठिकाणावर पोचलो. तिथे ना मांडव, ना रांग. शिपाई म्हणाला, "ते तं झालं ना भाऊ, २१ लेच."

मामा म्हणाले, "असं कसं? हे पाय, २९ सांगतली यानं." आणि त्यांनी फोन पुढे केला.

मी पाहिलं. सूचना म्हणजे एका कागदाचा फोटो होता, तोही तिरका. फोटो असला की टॉकबॅक सहसा नुसतं "इमेज" म्हणतं, म्हणून मामा अशा वेळी दुसऱ्या एका ॲपला तो वाचायला लावतात. ही ॲप्स आता बरीच हुशार झाली आहेत, देवनागरीही वाचतात. पण इथे गोल निळा शिक्का नेमका तारखेवर बसला होता. शिक्क्याची कड १ ला चिकटली आणि ॲपने तो ९ वाचला. बस्स. मला तो १ एका नजरेत कळला. मामांना कळायचा काही मार्गच नव्हता.

मला राग आला होता. तावातावाने आत गेलो. टेबलावर एक ताई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मी तर टाईप करूनच देते हो." मग कॉम्प्युटरवर मूळ वर्ड फाईल उघडून दाखवली. सुंदर, स्वच्छ, युनिकोड मराठीत. मी म्हटलं, ही फाईल जरा यांच्या फोनवर पाठवाल का? त्यांनी पाठवली. मामांच्या फोनने ती धडाधड वाचून टाकली. तारीख, ठिकाण, सोबत आणायची कागदपत्रं, सगळं. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

"मग हीच का नाही टाकली?"

"साहेबांची सही लागते ना. सही, शिक्का, जावक क्रमांक. मग स्कॅन."

माझा राग तिथेच बसला. कारण हे मी जन्मभर बघत आलोय. मजकूर आधी कॉम्प्युटरवर असतो. आपण तो कागदावर छापतो, सही-शिक्का मारतो आणि त्याचं चित्र काढून परत कॉम्प्युटरवर चढवतो. या फेरीत अक्षरांचं चित्र होऊन जातं.

पूर्वी तर याहून वाईट होतं. कृतीदेवसारखे फॉन्ट आठवतात? त्यात 'मराठी' लिहिलं की फाईलमध्ये खरं तर ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं साठवली जायची. त्यावर फक्त मराठी मुखवटा. डोळ्यांना 'मराठी' दिसायचं, स्क्रीन रीडर मात्र "ई जे के बी एच" वाचायचा. युनिकोडने तो प्रश्न सोडवला. पण युनिकोडमध्ये टाईप करून आपण स्कॅनच टाकणार असू, तर फायदा काय?

घरी आल्यावर जरा नियम वाचले. सरकारी वेबसाईट्स कशा असाव्यात याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याचं कलम ४२ हेच सांगतं की छापील, इलेक्ट्रॉनिक किंवा ध्वनी माध्यमातला मजकूर सगळ्यांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की याबाबतचा नियम नुसत्या शिफारशींसारखा असून चालणार नाही, सक्तीचे निकष हवेत. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण केवायसीचं होतं. ॲप म्हणतं डोळे मिचकावा. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बाईने काय मिचकावायचं?

म्हणजे कायदा आहे, सूचना आहेत, कोर्टही आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले होते. तरी १ चा ९ होतो.

आता खरी गोष्ट सांगतो, जी लिहायला इतके दिवस लावले. चार वर्षांपूर्वी मी एका सरकारी पोर्टलच्या प्रोजेक्टवर होतो. वेबसाईटवरच्या प्रत्येक चित्राला 'ऑल्ट टेक्स्ट' द्यायचा असतो. म्हणजे चित्रात काय आहे याचे दोन शब्द, जे स्क्रीन रीडर वाचतो. आमच्यात ते कोणीच दिले नव्हते. टेस्टिंगच्या टूलने दोनशेच्या वर चुका दाखवल्या आणि डेडलाईन दुसऱ्या दिवशीची. मी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि सगळ्या चित्रांना एकच शब्द चिकटवला: 'इमेज'. रिपोर्ट हिरवागार! लीडने पाठ थोपटली. मलाही फार हुशारी वाटली होती.

परतीच्या एसटीत मामांना हे सांगितलं. आधी काहीच बोलले नाहीत. मग हसायला लागले. "म्हंजे माहा मोबाईल मले दिवसभर 'इमेज, इमेज' म्हणून रायला, तो तूच व्हय का बे!"

हसलो मीही. पण खिडकीबाहेर बघत.

पुण्याला आल्यावर लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकलं. हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. मॉनिटर बंद केला आणि ते जुनं पोर्टल उघडलं. ग्राफिक, इमेज. ग्राफिक, इमेज. ग्राफिक, इमेज. कसाबसा फॉर्मपर्यंत पोचलो, तर अर्ज पाठवायचं बटणही चित्रच होतं. त्याचंही नाव इमेज. पुढे कॅप्चा, तोही फक्त बघायचा. वीस मिनिटांनी मॉनिटर चालू केला. मला चालू करता येतो.

त्या टीममधला एक मित्र अजून तिथेच आहे. त्याला सगळ्या चित्रांची यादी आणि प्रत्येकाचा नीट मजकूर लिहून पाठवलाय. दोन रविवार गेले त्यात. बघू काय होतं ते.

वर्ध्याच्या ताईंनी मात्र तेव्हाच एक केलं. पुढची सूचना ग्रुपवर आली तेव्हा फोटोखाली तोच मजकूर टाईप केलेला होता. मामांनी फोन करून सांगितलं. साहित्याचं पुढचं शिबिर कधी, ते अजून जाहीर झालेलं नाही. झालं तर तारीख मामा स्वतः वाचतील.

तुम्हीही सोसायटीची, शाळेची, गावातली नोटीस ग्रुपवर टाकत असाल. फोटो टाका, पण खाली चार ओळी मजकूरही चिकटवा. तो कोणीतरी आधी टाईप केलेलाच असतो.