नीलाचं प्रकरण

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला शरीरशास्त्रात एक सोय असते. हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणते ती नीला. दोन्ही नावं आपल्या चाळीतल्या मुलींची, त्यामुळे धडा चटकन पाठ होतो. पुढे रोहिणीने दगा दिला, तर माणूस थेट अतिदक्षता विभागात जातो आणि ऑफिसातली मंडळी सफरचंदं घेऊन येतात. नीलेने दगा दिला, तर कोणी साधं केळंसुद्धा आणत नाही. "वयोमानाने होतं हो असं!" एवढ्यावर आपली बोळवण होते.

मी एकतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहून भूगोल शिकवला. परिणामी माझ्या डाव्या पोटरीवर गोदावरी तिच्या सगळ्या उपनद्यांसह उमटली आहे. डॉक्टर तिला 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात.

भानगड अशी, की उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत रक्ताला सगळी चढणच. पोटरीचे स्नायू चालताना नीला पिळतात आणि रक्त वर ढकलतात. ते खाली घसरू नये म्हणून आत झडपा असतात. पादुआच्या फाब्रिसियुस नावाच्या प्राध्यापकाने १६०३ साली या झडपांवर पुस्तक लिहिलं, पण त्या कशासाठी आहेत हे त्याला नीट उमगलं नाही. ते उमगलं त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वी याला. रक्त शरीरभर फिरून परत येतं, हे त्याने १६२८ साली छापून मांडलं. मास्तरांपेक्षा विद्यार्थी हुशार निघतो, हा प्रकार फार जुना आहे, हे वाचून मला बरं वाटलं. झडप सैल पडली, की गच्चीच्या टाकीकडे निघालेलं पाणी पुन्हा तळमजल्यावर. मग नीला फुगते, वेडीवाकडी होते.

"हा बायकांचा आजार," असं आमचे एक शेजारी माझी पोटरी पाहून म्हणाले. एडिंबरो शहरात १८ ते ६४ वयाच्या १,५६६ माणसांचे पाय तपासले होते. १९९९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुख्य नीला फुगलेले पुरुष ४० टक्के आणि बायका ३२ टक्के! मी हे सांगितल्यापासून शेजारी लुंगीऐवजी पायजम्यात दिसतात.

पण माझी गोदावरी निदान पात्रात आहे. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींची काठ ओलांडून कातडीपर्यंत पोचली होती. रोज पाच घरं, पाच ओटे आणि सगळं काम उभ्याने. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी आधी तपकिरी झाली, मग खाज, मग इसब, मग न भरणारी जखम. दोन वर्षं त्यावर मलमं चालली होती. प्रत्येक घराने आपापली ट्यूब दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हळद आणि कडुलिंब दिला. सगळे कातडी पुसत होते आणि गळती आत होती. नीलेतला दाब वाढला, की रक्तातल्या तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. त्यांच्यातल्या लोहाने कातडी गंजल्यासारखी रंगते.

माझ्या डॉक्टरांकडे मी मावशींना घेऊन गेलो. डॉपलरने झडप पकडली. मग डॉक्टरांनी घोट्याला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. रोहिणी धड नसेल तर पाय आवळून बांधणं धोक्याचं असतं. "पाय उंच ठेवून विश्रांती घ्या," ते म्हणाले. मावशींनी विचारलं, "मग पोळ्या काय पायाने लाटू?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी इंग्लंडातले दोन प्रयोग सांगितले. २००४ सालच्या प्रयोगात ५०० रुग्ण होते. नुसत्या घट्ट पट्ट्यांनी जखमा भरल्या, पण वर्षभरात २८ टक्के लोकांच्या पुन्हा उघडल्या. पट्ट्यांबरोबर नीलेची शस्त्रक्रियाही केली त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्के. २०१८ सालच्या दुसऱ्या प्रयोगात ४५० रुग्ण होते. बिघडलेली नीला लगेच आतून बंद केली तेव्हा जखम साधारण ५६ दिवसांत भरली. वाट पाहत बसलेल्यांना ८२ दिवस लागले. "मावशी, सव्वीस दिवसांचा फरक आहे," डॉक्टर म्हणाले. मावशींनी बोटांवर हिशेब केला. सव्वीस दिवस म्हणजे जवळजवळ एक पगार.

मग पाच घरांची सभा भरली. लेसर उत्तम, यावर एकमत झालं. सुट्टीचा पगार द्यायचा का, या मुद्द्यावर सगळ्यांना एकदम गॅसवरचं दूध आठवलं. शेवटी तीन घरांनी दिला. दोन घरं अजून विचार करताहेत.

पायात सुईने भूल, आत बारीक तार, वर पट्टा, आणि मावशी त्याच दिवशी चालत घरी. दोन महिन्यांत जखम भरली. घट्ट मोजा मात्र रोज सकाळी चढवावा लागतो. ते काम साबणाच्या हाताने कोळंबी पकडण्याइतकं सोपं आहे.

रोमचा सेनापती मारियस याने एका पायाच्या नीला भूल न घेता, हूं की चूं न करता कापून घेतल्या. दुसऱ्या पायाची पाळी आली तेव्हा मात्र त्याने नकार दिला. एवढ्या यातना सोसण्याइतका फायदा नाही, असं त्याचं मत पडलं, असं प्लुटार्कने लिहून ठेवलंय. मावशींचाही दुसरा पाय राहिलाय. डॉक्टर तारीख देताहेत आणि मावशी पुढे ढकलताहेत. दुखण्याचं भय मुळीच नाही. गणपती तोंडावर आलेत आणि दोनशे मोदकांची ऑर्डर आहे. त्यातले एक्कावन्न त्या दोन घरांचे.