चैत्र सरतो तेव्हा एस्प्लनेड बहरते

महाराष्ट्रात चैत्राने वर्ष सुरू होते, बंगालमध्ये चैत्राने ते संपते. जुना माल, जुनी उधारी आणि जुने वर्ष एकदमच निकालात काढणारा कोलकात्याचा वसंत पाहायचा असेल, तर एस्प्लनेडसारखी जागा नाही.

मार्चचा मध्य उलटला, की कोलकात्याच्या एस्प्लनेड भागातल्या पदपथावर पाय ठेवायला जागा उरत नाही. ग्रँड हॉटेलच्या कमानींखालून न्यू मार्केटकडे जाताना दोन्ही बाजूंनी एकच आरोळी कानावर पडते, ‘सेल! सेल! सेल!’ सुती साड्या, कुर्ते, लहान मुलांची झबली, चादरी, उशांचे अभ्रे, चपला, प्लॅस्टिकच्या बादल्या सारे ढिगाने मांडलेले असते. हाच बंगालचा प्रसिद्ध ‘चोइत्र सेल’, म्हणजे चैत्रातली विक्री. आई, मावशी, सासू, सून अशा फौजेनिशी बायका येतात. विक्रेता एक भाव सांगतो, बाई त्याच्या निम्म्यावर सुरुवात करते आणि कुठेतरी मधे सौदा जमतो. घासाघीस न करता वस्तू घेणाऱ्याकडे विक्रेतासुद्धा जरा संशयानेच पाहतो!

बंगाली माणूस या परिसराला प्रेमाने ‘धर्मतला’ म्हणतो. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम किल्ला बांधायला घेतला आणि तोफांना मोकळा मारा मिळावा म्हणून भोवतालचे रान आणि वस्ती हटवली. त्या मोकळ्या जागेतून आजचे मैदान तयार झाले आणि त्याच्या उत्तर टोकाला एस्प्लनेड. जवळच ४८ मीटर उंचीचा शहीद मिनार उभा आहे. १८२८ मध्ये तो सर डेव्हिड ऑक्टरलोनी या सेनापतीच्या स्मरणार्थ बांधला होता, १९६९ मध्ये त्याला हुतात्म्यांचे नाव मिळाले. चौकाच्या कोपऱ्यावर टिपू सुलतानच्या धाकट्या मुलाने १८४२ मध्ये बांधलेली मशीद आहे. थोड्याच अंतरावर १८७४ मध्ये सुरू झालेले न्यू मार्केट आहे.

चैत्र एकच, वर्षे दोन

मराठी घरात गुढी उभारली जाते, तेव्हा बंगालमध्ये जुन्या वर्षाचा शेवटचा महिना चालू असतो. कारण सोपे आहे. आपले पंचांग चंद्राच्या कलांवर महिने मोजते, म्हणून चैत्र शुद्ध प्रतिपदा दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. बंगाली महिने सूर्याच्या राशी बदलण्यावर ठरतात. सूर्य मेष राशीत गेला की वैशाख लागतो. म्हणून बंगालचा वर्षारंभ, ‘पोयला बोइशाख’, साधारणपणे १५ एप्रिललाच येतो.

कोलकात्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्यामुळे महिन्याभराच्या आत दोन नववर्षे मिळतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पसरलेली गलाई व्यावसायिकांची घरे याही शहरात आहेत. गुढीपाडव्याला घरी श्रीखंड-पुरी करायची आणि पोयला बोइशाखला शेजाऱ्यांकडे मिष्टी खायची, असा दुहेरी बेत त्यांना साधतो.

बासंती साडी आणि बोरांचा उपास

वसंताची पहिली चाहूल मात्र त्याआधीच, माघ शुद्ध पंचमीला लागते. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन करतात, बंगालमध्ये सरस्वतीची पूजा वसंत पंचमीला होते. शाळा, कॉलेज आणि गल्लीतल्या मंडळांत मूर्ती बसतात. मुले आपली वह्यापुस्तके देवीच्या पायाशी ठेवतात, त्यामुळे त्या दिवशी अभ्यासाला अधिकृत सुट्टी! लहानग्यांच्या हाताला धरून पहिले अक्षर गिरवून घेतात, त्याला ‘हातेखोडी’ म्हणतात. देवीला बोरांचा नैवेद्य दाखवण्याआधी मुलांनी बोर खायचे नाही असा नियम आहे. तो मोडला तर परीक्षेत नापास, ही भीती आजीने घातलेली असतेच.

त्या दिवशी मुली ‘बासंती’ म्हणजे हळदी रंगाची साडी नेसतात. अनेकींची ती आयुष्यातली पहिली साडी असते, आईच्या कपाटातून मागून घेतलेली. दुपारी खिचडी-लाब्ड्याचा प्रसाद झाला की पिवळ्या साड्या आणि पांढरे कुर्ते मैदानाकडे आणि व्हिक्टोरिया स्मारकाच्या बागेकडे वळतात. एरवी मुलींना लवकर घरी बोलावणारे आईवडील त्या एका दिवशी घड्याळाकडे थोडा काणाडोळा करतात. दुसऱ्या दिवशी अनेक घरांत चूल पेटत नाही. आदल्या रात्री अख्ख्या भाज्या आणि कडधान्ये उकडून ठेवलेली असतात, ती थंडच खातात. आपल्याकडच्या शिळासप्तमीचीच ही बंगाली बहीण म्हणायची.

पुढे फाल्गुन पौर्णिमेला ‘दोल’ येतो. हीच चैतन्य महाप्रभूंची जन्मतिथी. वडीलधाऱ्यांच्या पायांवर अबीर वाहून नमस्कार करायचा आणि मग समवयस्कांना रंगवायचे, अशी रीत आहे. लहान मुलांच्या हातावर साखरेचे रंगीत ‘मठ’ पडतात. आपल्या होळीतल्या साखरेच्या गाठ्यांची आठवण यावी, असा हा प्रकार.

वसंत म्हणजे देवीसुद्धा

बंगालीत ‘बसंत’ या शब्दाचा अर्थ ऋतू आहे तसाच देवीचा रोगही आहे. कांजिण्यांना तिथे ‘जलबसंत’ म्हणतात. थंडी ओसरून उष्मा वाढण्याच्या या दिवसांत पूर्वी देवीची साथ येत असे, म्हणून शीतलामातेची पूजा आणि ताटात कडू पदार्थ. कोवळी कडुलिंबाची पाने तळून वांग्याच्या फोडींबरोबर भाताच्या पहिल्या घासाला खातात, याला ‘नीमबेगुन’ म्हणतात. शेवग्याच्या फुलांची भाजीही याच दिवसांत होते. गुढीपाडव्याला कडुलिंब चावताना तोंड वाकडे करणाऱ्या मराठी मुलांना बंगाली मुलांची दया यावी, कारण त्यांना हा कडूपणा एका दिवसात चुकवता येत नाही!

मग कैऱ्या येतात. कैरी घातलेली पातळ डाळ आणि भाजलेल्या कैरीचे सरबत, ‘आम पोडार शोरबोत’, घरोघर होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे देणाऱ्या सुगरणीला ही चव अनोळखी वाटणार नाही. फरक एवढाच, की आपली डाळ वाटलेली आणि त्यांची भातावर घ्यायची.

पदपथावरचे पोट

चोइत्र सेलची गंमत घेताना विसरायची नाही अशी एक गोष्ट आहे. हा महिना विक्रेत्यांसाठी उत्सव नसून परीक्षा असतो. दुर्गापूजेनंतरचा कमाईचा मोठा हंगाम तो हाच. माल बहुतेकदा उधारीवर उचललेला असतो. चैत्रात तो विकला गेला तर व्यापाऱ्याचे देणे फिटते, नाही तर नवे वर्ष कर्जातच उजाडते.

२०२० मध्ये नेमके असेच घडले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. चैत्राचे जेमतेम दहा दिवस झाले होते. एस्प्लनेड ओस पडले आणि गठ्ठे तसेच बांधलेले राहिले.

पदपथ नेमका कोणाचा, हा वाद तर जुनाच आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘ऑपरेशन सनशाइन’ नावाच्या मोहिमेत शहरातल्या मोठ्या रस्त्यांवरचे ठेले हटवले गेले. पोट भरायला दुसरी जागा नव्हती, म्हणून विक्रेते हळूहळू परतले. २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांच्या हक्काचा कायदा केला. तरीही २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा हटाव मोहीम निघाली. दोन्ही बाजू खोट्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाला चालायला पदपथ हवा, दुकानदाराला दरवाजा मोकळा हवा, आणि स्वस्त साडी शोधणाऱ्या गृहिणीला हाच ठेला हवा. ढिगातली चादर हाती घेताना हे लक्षात असले, तर शेवटच्या दहा रुपयांसाठी आपण फार ताणत नाही.

हालखाता आणि गोलपोस्टची पूजा

चैत्राच्या अखेरीस घराघरांत ‘नीलषष्ठी’ असते. आया मुलांसाठी दिवसभर उपास करून संध्याकाळी शंकराला पाणी घालतात. दुसऱ्या दिवशी चैत्र संक्रांत. उत्तर कोलकात्यात बीडन स्ट्रीटजवळ छातूबाबू-लाटूबाबूंच्या बाजारात ‘चडक’ची जुनी जत्रा भरते.

मग उजाडतो पोयला बोइशाख. आपले व्यापारी दिवाळीत वहीपूजन करतात, बंगाली व्यापारी या दिवशी. पहाटेपासून कालीघाट आणि दक्षिणेश्वरच्या देवळांसमोर लाल कापडी बांधणीच्या नव्या वह्या आणि गणेश-लक्ष्मीच्या लहान मूर्ती घेतलेल्या दुकानदारांची रांग लागते. वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. हाच ‘हालखाता’. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाइकांना आमंत्रण असते. गिऱ्हाईक जुनी बाकी चुकती करते किंवा निदान काही रक्कम नव्या खात्यावर ठेवते. दुकानदार मिठाईचा डबा आणि गुंडाळी केलेले बंगाली कॅलेंडर हाती देतो.

आता संगणकावर हिशेब आणि मोबाइलवर पैसे आले. बाकीच नाही, तर चुकती काय करायची? त्यामुळे पुष्कळ ठिकाणी हालखाता नुसता मिठाईपुरता उरला आहे. पण ज्या पेढ्यांवर तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक आहे, तिथे अजूनही आमंत्रण येते. उधारी देणारा आणि घेणारा वर्षातून एकदा शेजारी बसून गोड खातात. एवढा विश्वास कुठल्या यंत्राने दिला आहे?

त्याच सकाळी एस्प्लनेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मैदानातल्या फुटबॉल क्लबांत एक न्यारी पूजा होते. मोहन बागान हा १८८९ चा क्लब आणि ईस्ट बंगाल १९२० चा. वर्षभर एकमेकांशी हाडवैर, पण पोयला बोइशाखला दोघेही आपापल्या मैदानावर गोलपोस्टला हारफुले वाहून ‘बारपूजा’ करतात. नव्या हंगामात आपल्या गोलाचे रक्षण कर, एवढेच मागणे. ज्येष्ठ सभासद नातवंडांना घेऊन येतात. १९११ मध्ये मोहन बागानने गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून शील्ड जिंकल्याची कथा त्यांना या दिवशी हमखास ऐकावी लागते.

मराठ्यांचा खंदक, मराठ्यांचे नाव

मैदानाच्या झाडीत शिमूल म्हणजे काटेसावर फाल्गुनात पेटते. मग गुलमोहर, बहावा आणि आपले राज्यफूल ताम्हण येतात. जपानी शहरांत चेरीचा बहर पाहायला लोक झाडाखाली सतरंजी पसरून बसतात. कोलकात्यात तेच काम भेळेचा भाऊ ‘झालमुडी’ हाती घेऊन होते. दुपारनंतर वायव्येकडून काळेभोर ढग आले की ‘कालबैशाखी’ समजावी. अर्ध्या तासात धूळ, वारा, पाऊस आणि मग सुखद गारवा.

मराठी माणसाला इथे एक गंमत जाणवेल. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने १७४२ मध्ये या शहराभोवती ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणायला घेतला होता. त्या ‘बर्गी’ स्वारांच्या नावाची भीती बंगाली अंगाईगीतात आजही आहे. पुढे १९०६ मध्ये याच शहरात शिवाजी उत्सवासाठी लोकमान्य टिळकांचे स्वागत झाले. आणि फोर्ट विल्यमचे आताचे नाव काय? ‘विजय दुर्ग’, सिंधुदुर्गातल्या मराठ्यांच्या जलदुर्गावरून दिलेले. २०२५ च्या सुरुवातीला ही बातमी जाहीर झाली.

जाण्यापूर्वी

सेल पाहायचा असेल तर मार्चअखेर ते १४ एप्रिल हा काळ उत्तम. नववर्षासाठी १५ एप्रिल गाठावा. मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस आणि पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस हावड्याला जाते. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी याच एस्प्लनेडहून धावली. मार्च २०२४ पासून हावडा स्थानकावरून हुगळी नदीच्या तळाखालून मेट्रोने काही मिनिटांत एस्प्लनेडला येता येते. राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मैदान-एस्प्लनेड ही वारसा फेरी वगळता शहरातली ट्राम बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा ट्रामची हौस असेल तर आधी चौकशी करावी.

खरेदी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. सुती कपडे, छत्री आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी, पर्स पुढे धरावी. दमल्यावर एस्प्लनेडच्या कोपऱ्यावर के. सी. दास यांच्या दुकानात रसगुल्ला, नाही तर न्यू मार्केटमधल्या १९०२ सालच्या नाहूम बेकरीचा केक आहेच. आणि एखाद्या दुकानदाराने आग्रहाने मिठाईचा डबा पुढे केला, तर नको म्हणू नये. त्याच्या नव्या वहीचा तो पहिला दिवस असतो.