उलटी तार

जळगांवच्या वैशाखांत आमचे चिरंजीव विजेची गिटार घेऊन बसत, ते रात्रीं दहानंतर. दिवसभर लोळून रात्रीं शेजाऱ्यांची झोंप मोडणें, यास आम्हीं आळस हें नांव दिलें होतें. आतां ते परदेशीं आहेत. त्यांची पायानें दाबावयाची जुनी 'फझ' पेटी तेवढी घरीं राहिली. स्वर मुद्दाम फाडून खरखरीत करणें हें तिचें काम.

पेटीवर नांव नाहीं. उघडून पाहतों तों बॅटरीचें धन टोंक थेट पत्र्यास जोडलेलें! ही चूक दुरुस्त करण्यास ती धुळ्याच्या एका वृद्ध रेडिओ-कारागिराकडे नेली. ते हंसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, राजवाडे संशोधन मंडळाच्या या गांवांत जुना कागद आधीं वाचतात, मग सुधारतात."

आम्ही वाचूं लागलों. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर: १९६६ सालीं लंडनमध्यें निघालेल्या 'फझ फेस'चीच ही मांडणी. ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, पी-एन-पी जातीचे. म्हणून धन टोंक पत्र्यास, हेंच बरोबर. दोघे मिळून स्वर इतका वाढवितात कीं त्याचीं शिखरें छाटलीं जातात. परंतु जर्मेनियमला उष्णता सोसत नाहीं. पारा चढला कीं गळतीचा प्रवाह वाढतो, ट्रान्झिस्टरांचा तोल ढळतो आणि स्वर घुसमटतो.

आणि जळगांवची दुपार तर चव्वेचाळीस अंशांची! "दुपारीं ही बोलत नाहीं, बाबा," असें तो एकदां म्हणालाही होता. आम्हीं तो बहाणा मानला.

तार आम्हीं होती तशीच ठेविली. पत्र मात्र त्याच रात्रीं लिहिलें.